द क्लॅशच्या रिळांची कुळकथा

द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडची गाणी नुसती ऐकायची नाहीत, पाहायचीही आहेत, असं ठरवलं तर २००३ सालची ‘द इसेन्शियल क्लॅश’ ही डीव्हीडी मिळवावी. तिचं मूळ शोधायला मात्र लंडनच्या नील स्ट्रीटवर, ‘रॉक्सी’ क्लबात जावं लागतं.

१९७७च्या सुरुवातीला तिथं डॉन लेट्स नावाचा तरुण रेकॉर्डी लावायचा. जन्म लंडनचा, आईवडील जमैकाचे. पंकच्या रेकॉर्डी तेव्हा बाजारात जवळजवळ नव्हत्याच, म्हणून दोन बँडच्या मधल्या वेळात तो रेगे वाजवायचा. पंकवेड्या पोरांना रेगेची गोडी लागली ती अशी. कॅरोलाइन बेकर या फॅशन संपादिकेनं त्याला सुपर-८ कॅमेरा दिला आणि समोर जे घडत होतं ते तो टिपू लागला.

सुपर-८चं रीळ पन्नास फुटांचं, चालणार जेमतेम तीन मिनिटं. पंकचं गाणंही साधारण तेवढंच. रीळ महाग आणि खिसा रिकामा, त्यामुळे बटण कधी दाबायचं हे आधीच ठरवावं लागे. लेट्सची नजर या टंचाईतच घडली, असं मला ठामपणे वाटतं. त्याच रिळांमधून १९७८चा ‘द पंक रॉक मूव्ही’ उभा राहिला आणि क्लॅशला आपला दिग्दर्शक मिळाला.

‘लंडन कॉलिंग’चा व्हिडिओ १९७९च्या हिवाळ्यातला. बॅटरसी पार्कलगतच्या तरंगत्या धक्क्यावर बँड आणि समोर होडीत कॅमेरा, असा बेत होता. लेट्सला पोहता येत नव्हतं आणि टेम्सला भरती-ओहोटी असते, हेही त्याच्या गावी नव्हतं. ओहोटीमुळे होडी खाली गेली, कॅमेरा लावता लावता अंधार पडला, वर पाऊस सुरू झाला. दिव्यांच्या उजेडात दिसणाऱ्या त्या सरी खऱ्याखुऱ्या आहेत. हजारो पौंड ओतूनही तसा पाऊस पाडता आला नसता.

१९८१च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या ‘बाँड्स’ या क्लबात क्लॅशचे आठ कार्यक्रम ठरले होते. तिकिटं क्षमतेपेक्षा जास्त विकली गेली आणि अग्निशमन खात्यानं प्रेक्षकसंख्येवर मर्यादा घातली. तेव्हा कुणाचंही तिकीट वाया जाऊ नये म्हणून बँडनं सतरा कार्यक्रम केले. हे सगळं लेट्सनं चित्रित केलं, पण चित्रपट पुरा झालाच नाही. पुढे गोदामाचं भाडं थकलं आणि निगेटिव्ह नष्ट झाल्या. इतकी मोलाची गोष्ट भाड्यापायी जावी, याची हळहळ आजही जात नाही. हाती राहिला तो कच्च्या प्रतीचा एक तुकडा.

क्लॅशचा गायक जो स्ट्रमर यानं १९८३ साली केलेली ‘हेल डब्ल्यू टेन’ ही कृष्णधवल मूकफिल्मही अशीच हरवली होती. ती सापडली आणि २००३च्या संचात तिला जागा मिळाली. स्ट्रमर मात्र तो संच पाहायला नव्हता; २२ डिसेंबर २००२ रोजी तो गेला. दोनच महिन्यांनी लेट्सच्या ‘वेस्टवे टू द वर्ल्ड’ या क्लॅशवरच्या माहितीपटाला ग्रॅमी मिळालं. न्यूयॉर्कचा तो वाचलेला तुकडा याच माहितीपटाच्या डीव्हीडीत जोडला आहे. तो पाहिल्याशिवाय क्लॅश पाहिला, असं म्हणू नये.