जमिनीच्या पारखीचे शिक्षण : वणी-दिंडोरी भागाच्या संदर्भात

जमिनीचे मोल ठरविणाऱ्या माणसास ते ठरविण्याचे शिक्षण कोठे व कसे मिळते, हा प्रश्न महसुलाच्या इतिहासात सहसा विचारला जात नाही. आकारणीचे दर, त्यांची मुदत व रयतेवरील बोजा यांची चर्चा पुष्कळ झाली; परंतु ज्याच्या नजरेवर हे दर उभे राहिले तो कारकून मात्र उपेक्षितच राहिला. सप्तशृंगीच्या पायथ्याचे वणी हे गाव या दृष्टीने उपयुक्त उदाहरण आहे. काळ्या जमिनीचा देश आणि पश्चिमेकडील डोंगराळ डांग या दोहोंची येथे गाठ पडते, व एकाच शिवारात जमिनीच्या अनेक परी आढळतात.

पेशवाईत या कामास ‘पाहणी’ म्हणत आणि जमिनीचे अव्वल, दूम, सीम असे भेद करीत. शब्दच सांगतो की हे ज्ञान पाहण्याचे होते. ते गावातल्या गावात, पाटील-कुळकर्ण्यांच्या सहवासात मिळे. इंग्रजी अंमलात प्रिंगल याने 1830 च्या सुमारास निव्वळ उत्पन्नाच्या सिद्धान्तावर आकारणी बेतली. तो हेलीबरीच्या विद्यालयात माल्थसचा विद्यार्थी होता. सिद्धान्त शुद्ध होता, पण शेतावरची नोंद भरवशाची नव्हती, आणि योजना फसली. 1835 नंतर इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांनी हाती घेतलेल्या कामात खरा फरक पडला तो येथेच. त्यांनी कारकुनाच्या हाती सिद्धान्ताऐवजी कोष्टक दिले. ही पद्धत 1840 च्या दशकात नाशिक भागात आली आणि 1847 च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले.

या प्रतबंदीची रीत थोडक्यात अशी. शेताचे कल्पित रेषांनी सारखे भाग पाडावयाचे, प्रत्येक भागात माती तपासून तिची खोली हातांच्या मापाने नोंदवावयाची, आणि पोत व रंग यांवरून तीन वर्गांपैकी एक ठरवावयाचा. पहिल्या वर्गाची माती पावणेदोन हात खोल असली की ती सोळा आण्यांची. खोली कमी होईल तशी प्रत उतरत उतरत नवव्या पायरीस दोन आण्यांवर येई. चुनखडी, वाळूची मिसळ, उतार, पाण्याचा लोंढा, वाजवीपेक्षा अधिक ओल इत्यादी सात दोषांना खुणा ठरलेल्या होत्या, व प्रत्येक खुणेस एक प्रत उतरे. वणीच्या शेतकऱ्याची भाषा वेगळी होती. काळी, कोरळ, माळ, बरड हे त्याचे शब्द केवळ मातीचे नसून पीक, पाणी व कष्ट यांचाही हिशेब सांगत. कोष्टकाने तो हिशेब खोली व दोष यांत वाटून टाकला. यात काही हरवले हे खरे. पण जे मिळाले तेही थोडे नव्हे, कारण परगावचा कारकूनही आता चूक करताना पकडता येऊ लागला. त्याने पाहिलेली शेते वरिष्ठ पुन्हा स्वतः पाहून दोन्ही नोंदी ताडीत असत. प्रतबंदीचे शिक्षण कोष्टकापेक्षा या पडताळ्यानेच अधिक होई.

स्वातंत्र्योत्तर काळात मोल ठरविण्याचे काम सरकारी खात्याबाहेर, परवानाधारक मूल्यांककांकडेही गेले. संपत्तिकराच्या नियमांत शेतजमिनीच्या मूल्यांककाचा स्वतंत्र वर्ग होता. कृषिशास्त्राचा अनुभवी पदवीधर किंवा पूर्वीचा सेटलमेंट अधिकारी त्यास पात्र ठरे. म्हणजे प्रतबंदीची परंपरा तेथवर टिकून होती. हा कर 2015 साली रद्द झाला. कंपनी कायद्याखालील 2017 च्या नियमांत जमीन व इमारत असा एकच वर्ग असून त्यास मुख्यतः स्थापत्य, वास्तुशास्त्र व नगररचना यांचे पदवीधर पात्र आहेत. त्यांना पदवीनंतर 5 वर्षांचा अनुभव, 50 तासांचा अभ्यासक्रम आणि संगणकावरील परीक्षा आवश्यक असते. ही परीक्षा 31 मार्च 2018 पासून सुरू झाली. उत्तीर्ण होण्यास 60 टक्के गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात. कोविडच्या साथीत अभ्यासक्रमाचे वर्ग ऑनलाइन घेण्याची मुभा मिळाली, आणि वणीसारख्या गावातील अभियंत्यास शहरात न राहताही हे शिक्षण घेणे शक्य झाले. ही सोय क्षुल्लक नव्हे.

परंतु दूरवरून काय शिकविता येते? कायदा, व्याजाचे गणित, तुलनेची पद्धत हे सर्व पडद्यावरून उत्तम शिकविता येते. दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागेचे मोल मात्र याहून अडचणीचे आहे. द्राक्षाला निचऱ्याची मध्यम जमीन मानवते, भारी काळीत पाणी साचते. म्हणजे विंगेटच्या कोष्टकातील सोळा आण्यांची जमीन बागेसाठी पहिली ठरेलच असे नाही. शिवाय मांडव, खुंट, विहिरीचे पाणी, वेलीचे वय ही मोलाची अंगे मातीत दिसत नाहीत. कर्जासाठी बाग तारण ठेवणाऱ्यास किंवा रस्त्यासाठी जमीन देणाऱ्यास या फरकाची किंमत रोकडीत मोजावी लागते.

1840 च्या कारकुनाची शाळा तुटपुंजी होती, पण ती शेतातच भरे आणि त्याच्या मागून दुसरा माणूस त्याच बांधावर येई. 50 तासांच्या वर्गास हे काम करता यावयाचे नाही. उमेदवाराच्या अनुभवाच्या वर्षांवर ते सोपविलेले आहे, आणि त्या वर्षांत त्याने कोणती जमीन पाहिली, व त्याच्या अंदाजाचा पडताळा कोणी घेतला, हे परीक्षेतील गुणांवरून कळत नाही.