चापेकर बंधू : एका रात्रीपुरती उरलेली कथा

१/९
कासारवाडीहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल पिंपरी ओलांडून चिंचवडला थांबते. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव चापेकर हे तीन बंधू या चिंचवडचे. त्यांच्या नावाचा चौक सर्वांना परिचित आहे. त्यांची कथा मात्र बहुतेकांना एकाच रात्रीपुरती ठाऊक असते.

२/९
ती रात्र २२ जून १८९७ ची. गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या निवासस्थानी, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ होता. परतीच्या वाटेवर दामोदर यांनी वॉल्टर रँडवर, तर बाळकृष्ण यांनी मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला.

३/९
जयू व नचिकेत पटवर्धन यांच्या १९७९ च्या चित्रपटाचे नाव ‘२२ जून १८९७’. २०१९ च्या वेब मालिकेचे नाव ‘गोंद्या आला रे’. एका शीर्षकात तारीख, दुसऱ्यात त्या रात्रीचा इशारा. लोकस्मृतीही याच रात्रीपाशी थांबते : एक जुलमी अधिकारी आणि त्याला मिळालेली शिक्षा.

४/९
परंतु रँडच्या हाती सत्ता आली ती कायद्याने. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख म्हणून रँड आला. गोरे शिपाई माजघरात, देवघरात शिरू लागले. रुग्णांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवले जाऊ लागले. मे महिन्यात ही झडतीमोहीम थांबली. गोळी झाडली गेली ती त्यानंतर महिन्याभराने.

५/९
चापेकरांचा रोष त्याहून जुना होता. दामोदर यांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात मुंबईतील राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकिकत आहे. समाजसुधारकांविषयीचा कडवा द्वेषही आहे. परकीय सत्तेशी झुंजणारा हा तरुण घरातील सुधारणेचाही वैरी होता. पडद्यावरील निष्कलंक नायकाच्या चौकटीत हे सहज बसत नाही.

६/९
पुढचा अध्यायही गोऱ्या अधिकाऱ्यांपुरता नाही. मारेकऱ्यांच्या शोधासाठी सरकारने २०,००० रुपयांचे इनाम लावले. द्रविड बंधूंनी माहिती पुरवली आणि १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर फासावर गेले. ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या. मारणारे पुणेकर, मरणारेही पुणेकर.

७/९
मे १८९९ मध्ये येरवड्यात पाच दिवसांत तीन फाशी झाल्या : ८ मे रोजी वासुदेव, १० मे रोजी रानडे, १२ मे रोजी बाळकृष्ण. एका घरातील तिन्ही मुलगे संपले.

८/९
सरकारी सूड त्यांच्यापुरता राहिला नाही. टिळकांना लेखनाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. नातू बंधूंना खटल्याविना डांबून ठेवण्यात आले.

९/९
रँड मेला, कायदा उरला. स्वातंत्र्यानंतरही तो टिकला आणि मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. नायक-खलनायकांच्या कथेत या कायद्याला पात्र म्हणून जागा नसते. खलनायक पडला की पडदा पडतो; राज्य कशाच्या बळावर चालत होते, हा प्रश्न प्रेक्षागृहाबाहेरच राहतो. चापेकरांचा प्रतिकार समजून घ्यायचा, तर त्या रात्रीच्या अलीकडचे आणि पलीकडचे दिवसही वाचावे लागतात.