अथेन्सला हिवाळ्यात जावं का? स्वस्त काय, महाग काय आणि ‘खंड्याचे दिवस’ म्हणजे काय?

जुलै २०२३ मध्ये अथेन्समध्ये उन्हाचा तडाखा इतका वाढला की, अ‍ॅक्रोपोलिस ऐन दुपारी पर्यटकांसाठी बंद ठेवावं लागलं. पुढच्या दोन्ही उन्हाळ्यांत तेच झालं. शिवाय सप्टेंबर २०२३ पासून तिथे दिवसाला २० हजार जणांची मर्यादा आणि ठरलेला टाइम स्लॉट आहे. त्यामुळे ‘ऑफ सीझनला जा’ असा सल्ला देणाऱ्या रील्स वाढल्या. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे.

थंडी किती असते?

जानेवारीत दिवसा साधारण १३ अंश, रात्री ७. आकडे ऐकून पुणेकर हसतील. पण पुण्यात दुपारी स्वेटर काढावा लागतो, इथे काढता येईलच असं नाही. अथेन्सचा वर्षभराचा पाऊस सुमारे ४०० मिलिमीटर. मुंबईत एकट्या जुलैत याच्या दुप्पट पडतो. फरक इतकाच की, इथला बराचसा पाऊस हिवाळ्यातच येतो. अ‍ॅक्रोपोलिसवरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालाय, ओला असेल तर पाय सटकलाच म्हणून समजा. चांगल्या ग्रिपचे बूट हवेतच.

मधूनच मात्र लख्ख ऊन पडतं, वारा थांबतो. या दिवसांना ग्रीक लोक ‘अल्कियॉनचे दिवस’ म्हणतात. अल्कियॉन म्हणजे आपला खंड्या पक्षी. दंतकथेनुसार अल्कियॉनी नावाच्या स्त्रीचा पती समुद्रात बुडाला, तेव्हा देवांनी दोघांना पक्षी केलं. ती भर हिवाळ्यात अंडी उबवते, तेवढे दिवस समुद्र शांत राहतो. हे दिवस डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीही येऊ शकतात, जास्त करून जानेवारीत. तारीख आधी कळत नाही, म्हणून अ‍ॅक्रोपोलिससाठी एकच दिवस राखून ठेवू नका.

मग पैसे वाचतात का?

इथेच बरेच जण फसतात. अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट पूर्वी उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात १० युरो होतं. जुन्या व्हिडिओंमध्ये अजूनही तेच सांगतात. एप्रिल २०२५ पासून ते वर्षभर ३० युरो झालंय, हिवाळी सवलत गेली. नोव्हेंबर ते मार्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, एवढा दिलासा आहे. व्हिसाचंही तसंच. शेंगेन व्हिसाची ९० युरो फी सीझन बघत नाही.

हॉटेलचं भाडं मात्र उतरतं. सरकारी हवामान शुल्कही कमी लागतं: २०२५ च्या दरांनुसार तीन तारांकित हॉटेलात खोलीमागे रात्रीला उन्हाळ्यात ५ युरो, हिवाळ्यात दीड.

सँटोरिनी जोडून करावं का?

फोटोसाठी जात असाल तर नको. अनेक हॉटेलं, रेस्टॉरंट बंद असतात आणि बोटी कमी. वारा जोराचा असेल तर बोटींना निघायलाच बंदी घालतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहणं जोखमीचं. समुद्र बघायचाच असेल तर जवळचं एजिना बरं, तिथे माणसं बारा महिने राहतात.

शाकाहारी लोकांचं काय?

खरं तर हाच मौसम सोयीचा. १५ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपवास असतो आणि ईस्टरआधी पुन्हा मोठा उपवास. तेव्हा ‘निस्तीसिमा’ मागायचं, म्हणजे मांस, अंडी, दूध काहीच नाही. फासोलादा हे पांढऱ्या घेवड्याचं सूप त्यातलंच. एक सावधगिरी: यात कोळंबी, कालवं चालतात, म्हणून विचारूनच घ्या. मोठा उपवास ‘स्वच्छ सोमवारी’ सुरू होतो, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या दिवशी फिलोपाप्पू टेकडीवर संक्रांतीसारखे पतंग उडतात.

हिवाळ्यात अ‍ॅक्रोपोलिस संध्याकाळी ५ वाजता बंद होतं. २५, २६ डिसेंबर आणि १ जानेवारीला तर पूर्ण दिवस. आणि हो, रस्त्याकडेच्या झाडांना तेव्हा संत्री लगडलेली दिसतील. तोडून खाऊ नका, ती कडू असतात. तिथले लोक त्यांचा मुरांबा करतात.