हलक्या आवाजाचा गवई

दोन वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात माझा घसा बसला. भरल्या वर्गापुढे वीस वर्षे ओरडून शिकवणाऱ्या मास्तराचा घसा आज ना उद्या बसायचाच! डॉक्टरांनी पंधरा दिवस मौन सांगितले. पाटी-पेन्सिल घेऊन मी घरात वावरू लागलो आणि घरातली मंडळी, खरे सांगायचे तर, सुखी झाली.

नाताळच्या दिवशी शाळेतले एक ख्रिस्ती सहशिक्षक मला फराळाला घरी घेऊन गेले. आमच्या अहमदनगरात – आता अहिल्यानगर म्हणायचे – अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली पाय रोवला. तेव्हा इथला नाताळ काही नवा नाही. करंज्या आणि केक एकाच ताटात होते. "मास्तर, बोलायचं नाही ना? मग नुसतं ऐका," असे म्हणून सरांनी एक जुनी तबकडी लावली आणि एक आवाज खोलीत आला. आला म्हणजे कसा? गात आला असे वाटलेच नाही. कोणी शेजारी बसून कानाशी बोलत असावे, तसा आला. सरांच्या आई ऐंशीच्या पुढच्या, इंग्रजीचा गंध नाही. त्या म्हणाल्या, "ह्याचा आवाज लागल्याशिवाय आमच्याकडं नाताळ होत नाही. मी तर कित्येक वर्षं ह्याला पाद्रीच समजत होते."

तो पाद्री नव्हता. तो होता जिम रीव्ह्ज, अमेरिकेच्या टेक्सस प्रांतातला गवई. आणि ती तबकडी म्हणजे त्याचा १९६३ सालचा 'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस' हा संग्रह. दिवाळी अंकात हा परदेशी पाहुणा कशाला, असे वाचक विचारतील. पण पाहुण्याला आधी पाट द्यावा, मग नावगाव विचारावे!

रीव्ह्जचा जन्म १९२३ च्या ऑगस्टमधला, टेक्ससमधल्या गॅलोवे नावाच्या खेड्यातला. तान्हा असतानाच वडील गेले. आईने शेतात राबून मोठे कुटुंब वाढवले. पोरगा बेसबॉलमध्ये चेंडू फेकण्यात तरबेज निघाला आणि त्या खेळावर पोट भरू लागला. पण चेंडू फेकता फेकता कमरेतून पायात उतरणारी मोठी शीर दुखावली आणि खेळ संपला. मग तो नभोवाणीवर निवेदक झाला. माझ्या मते त्याची खरी गायनशाळा हीच. निवेदकाला पहिला धडा हाच मिळतो की ऐकणारा मैदानात उभा नसून आपल्या घरात बसलेला आहे.

परंतु हा धडा त्याच्या गळ्यात उतरायला अवकाश होता. तिकडे खेड्यापाड्यांतल्या त्या गाण्यांना 'कंट्री' म्हणतात. ती गायची ती उंच पट्टीत, खड्या आवाजात. सोबतीला फिडल आणि रडवी स्टील गिटार. आपला शाहीर जसा पटांगणाच्या शेवटच्या माणसासाठी आवाज लावतो, त्यातलाच प्रकार. रीव्ह्जही तसाच गाई. 'मेक्सिकन जो' ह्या गाण्याने १९५३ साली त्याला नाव मिळाले, १९५५ साली आर.सी.ए. व्हिक्टर ह्या बड्या कंपनीने त्याला करारबद्ध केले आणि तरीही तो ओरडतच होता.

१९५७ साली त्याच्या हाती 'फोर वॉल्स' हे गाणे आले. चार भिंतींत एकटे वाट पाहणाऱ्या जिवाचे हे गाणे बाईच्या तोंडी शोभणारे, म्हणून गायिकेसाठीच ठेवलेले होते. रीव्ह्जने ते मागून घेतले. पट्टी उतरवली, आवाज उतरवला आणि ओठ मायक्रोफोनला जवळजवळ टेकवून तो गायला. कंपनीतल्या लोकांनी विरोध केला. निर्माता चेट अॅटकिन्स हा स्वतः नामांकित गिटारवादक. तो मात्र रीव्ह्जच्या पाठीशी उभा राहिला. तबकडी कंट्रीच्या यादीत पहिली आलीच, शिवाय शहरी लोकांच्या 'पॉप' यादीतही अकराव्या क्रमांकावर चढली. खेडे आणि शहर यांच्यामधली भिंत त्या काळी मोठी होती. हा आवाज तिच्या फटीतून पलीकडे गेला.

मग 'हिल हॅव टु गो'. ह्या गाण्याची जन्मकथा मोठी गोड सांगतात. गीतकार जो अॅलिसन याची पत्नी ऑड्री मुळातच हळू बोलणारी. टेलिफोनवर तिचे बोलणे ऐकू येईना, म्हणून तो तिला फोन तोंडाजवळ धरायला सांगे. त्यातून दोघांनी मिळून गाणे रचले. एक माणूस गजबजलेल्या गुत्त्यातून प्रेयसीला फोन करतो आहे आणि तिच्यापाशी दुसराच कोणी बसलेला आहे, एवढाच प्रसंग. १९५९ च्या ऑक्टोबरात नॅशव्हिल शहरात ते मुद्रित झाले. फिडल नाही, स्टील गिटार नाही. व्हायब्रोफोनचे मंद टिंबटिंब, मागे थोडे कोरस. कंपनीने ते तबकडीच्या मागल्या बाजूला टाकले होते! नभोवाणीवाल्यांनी तबकडी उलटी करून वाजवली आणि १९६० साली कंट्रीच्या यादीत चौदा आठवडे ते पहिल्या जागी राहिले, पॉपच्या यादीत दुसऱ्या. मागल्या बाकावरची पोरे अशीच कधी कधी मास्तरांना चकवतात.

त्यानंतर हा आवाज नॉर्वेपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत फिरला. आफ्रिकान्स ही भाषा येत नसताना त्याने त्या भाषेत गाणी मुद्रित केली, तिकडे 'किंबर्ले जिम' नावाचा चित्रपटही केला. तो देश त्या वेळी माणसांना रंगावरून वेगळे बसवीत होता. आवाजाला कुंपण नसते; सभागृहांना होते. हे मनात खुपते, म्हणून लिहून ठेवतो.

१९६४ च्या २ जुलैला कंपनीसाठी त्याची शेवटची बैठक झाली. ठरलेली गाणी संपली, थोडा वेळ उरला, म्हणून त्याने आणखी एक गाणे गाऊन टाकले. ३१ जुलैला आर्कान्साहून परतताना, एकाच इंजिनाचे लहान विमान स्वतः चालवीत असता, नॅशव्हिलजवळ तो वादळी पावसात सापडला. बरोबर त्याचा पियानोवादक डीन मॅन्युएल होता. दोन दिवस शोध चालला. २ ऑगस्टला अवशेष सापडले. एकेचाळिसावे वर्ष पुरे व्हायला तीन आठवडेही उरले नव्हते. मी आज त्याच्याहून वयाने मोठा आहे.

आणि इथून पुढची हकीकत मला विलक्षण वाटते. माणूस गेला, पण फिती होत्या. पत्नी मेरी त्यांची राखण करीत बसली नाही. एकेक करून त्या बाहेर येतील असे तिने पाहिले. मृत्यूनंतरच्या तीनेक वर्षांत त्याची सहा गाणी कंट्रीच्या यादीत पहिली आली. 'डिस्टंट ड्रम्स' हे तर त्याने गीतकार सिंडी वॉकर हिच्यासाठी नमुना म्हणून गायलेले. त्या आवाजाभोवती मागाहून वाद्यवृंद बसवला आणि १९६६ साली, बीटल्सच्या भर राज्यात, इंग्लंडमध्ये ते पाच आठवडे पहिले राहिले. इथवर माझी तक्रार नाही. पुढे १९८१ साली पॅट्सी क्लाइन ही त्याच्याही आधी, १९६३ साली, विमान अपघातातच गेलेली गायिका आणि तो, यांच्या वेगवेगळ्या फिती जोडून 'युगुलगीत' तयार केले, ते मला रुचत नाही. जी दोन माणसे हयातीत कधी एकत्र गायली नाहीत, त्यांना समोरासमोर उभे करण्याचा अधिकार कोणाचा? सरांशी ह्यावर माझा वाद झाला, पाटीवर! ते म्हणाले, "मास्तर, मेरीबाईंनी घर चालवायचं नाही का?" पाटी पुसून मी गप्प बसलो.

आता आमच्या नगरचा धागा. पुण्यात जन्मलेल्या मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी नगरजवळ मेहेराझादला देह ठेवीपर्यंत. आधी अक्षरफलकावर, १९५४ नंतर केवळ हातांच्या खुणांनी ते बोलत. कव्वाली आणि गझल यांचा ह्या पुरुषाला छंद. आणि आवडत्या इंग्रजी गाण्यांत जिम रीव्ह्जची दोन! त्यांतले 'देअर्स अ हार्टेक फॉलोइंग मी' हे गाणे मेहेरबाबांचा इंग्रज भक्त, 'द हू' ह्या कर्कश गाजणाऱ्या वाद्यवृंदाचा पीट टाऊनशेंड, याने बाबांच्या आवडीखातर १९७२ साली आपल्या संग्रहात गायले. ऊर फुटेस्तोवर वाजवणाऱ्या ह्या माणसानेही ते हळूच गायले आहे.

घसा सुटल्यावर मी एका रविवारी सायकलीने अरणगावला, मेहेराबादच्या टेकडीवर जाऊन आलो. समाधीपाशी कोणी तरी पेटीवर गात होते. परतताना सरांकडे थांबलो. आजी म्हणाल्या, "आता तुम्हाला बोलता येतंय, तर त्या पाद्र्याच्या गाण्याचा अर्थ सांगा की." मी गुत्ता, टेलिफोन, दुसरा माणूस, सारे सांगितले. आजी जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "असू दे. तबकडी लाव."