पिण्याचं पाणी बरोबर न्या : एका शिडाच्या सफरीचा आराखडा आणि त्यामागचा इतिहास

‘विषय मिळालाय, पण प्रश्न सापडत नाही.’ पीएचडीची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून हे वाक्य मी सारखं ऐकतो. म्हणून आज सिद्धांत बाजूला ठेवू आणि एक कागद वाचू. कागद अगदी साधा आहे : शिडाच्या बोटीने एका बेटावरच्या राष्ट्रीय उद्यानात जायचं, तर काय काय तयारी करायची याची यादी.

उद्यानाचं नाव ड्राय टोर्टुगास. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला बेटांची एक माळ आहे. तिच्यातल्या की वेस्ट या गावापासून पश्चिमेला सुमारे ११० किलोमीटरवर, भर समुद्रात ही सात छोटी बेटं आहेत. त्यातल्या गार्डन की या बेटावर फोर्ट जेफरसन नावाचा विटांचा प्रचंड जलदुर्ग उभा आहे. उद्यानाचा जवळजवळ सगळा भाग पाण्याखाली आहे.

आता आराखडा करू. अंतर सुमारे साठ सागरी मैल. बोट ताशी पाच सागरी मैलांनी गेली तरी बारा तास लागणार, म्हणजे पहाटे निघायला हवं. वारा बहुतेक दिवस पूर्वेकडून असतो, त्यामुळे जाताना तो पाठीशी आणि येताना तोंडावर. हिवाळ्यात उत्तरेकडून अचानक जोरदार थंड वारे सुटतात, म्हणून परतीच्या तारखेत दोन दिवस मोकळे ठेवायचे. बेटावर इंधन नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. पिण्याचं पाणीही नाही. चार माणसं, चार दिवस, माणशी रोज चार लिटर धरले तर चौसष्ट लिटर झाले. मोकळ्या दिवसांचं वेगळं. बोटीसाठी परवाना काढायचा. रात्री नांगर टाकायचा तो किल्ल्याजवळच्या ठरवून दिलेल्या भागातच, आणि तोही वाळूत, प्रवाळावर नाही. शेजारच्या बुश की बेटावर पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात उतरायचं नाही.

प्रवाशासाठी यादी इथे संपते. आपलं काम इथून सुरू होतं. प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारा : हे कधीपासून? आणि हे कुणामुळे?

पहिली ओळ पाण्याची घेऊ. १५१३ मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी पॉन्स दे लेओन इथे आला. त्याच्या माणसांनी दीडशेहून जास्त कासवं पकडली, म्हणून नाव पडलं ‘टोर्टुगास’, म्हणजे कासवं. ‘ड्राय’, म्हणजे कोरडं, हा शब्द नंतर नकाशांवर आला. इथे गोडं पाणी मिळणार नाही, हे खलाशांना कळावं म्हणून. म्हणजे आपल्या यादीतली सूचना बेटाच्या नावातच आहे. तरीही १८४६ मध्ये अमेरिकी लष्कराने नेमका इथेच किल्ला बांधायला घेतला, कारण मेक्सिकोच्या आखातातून ये-जा करणाऱ्या जहाजांवर इथून नजर ठेवता येत होती. पावसाचं पाणी छपरावरून खाली उतरवून जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचं, अशी योजना होती. पण सुमारे एक कोटी साठ लाख विटांच्या वजनाने किल्ला खचू लागला, टाक्यांना तडे गेले आणि समुद्राचं पाणी आत शिरलं. किल्ला कधीच पूर्ण झाला नाही. १८७४ मध्ये लष्कराने तो सोडला.

नांगराची आणि पक्ष्यांची ओळही अशीच उलगडते. १९०८ मध्ये इथे पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र झालं, १९३५ मध्ये किल्ला राष्ट्रीय स्मारक झाला, १९९२ मध्ये राष्ट्रीय उद्यान. २००७ मध्ये उद्यानाचा मोठा भाग संशोधनासाठी राखून ठेवला, तिथे मासेमारी आणि नांगर दोन्ही बंद. म्हणजे पक्षी, इमारत आणि प्रवाळ यांना एकाच वेळी संरक्षण मिळालेलं नाही. हाही एक संशोधन-प्रश्न होऊ शकतो : कशाला जपायचं, हे कोणत्या काळात कोण ठरवत होतं?

आता ती ओळ, जिच्यामुळे माझं प्रकरण अडलं. ‘येताना वारा तोंडावर.’

हा किल्ला बांधणाऱ्यांमध्ये गुलाम मजूर होते. की वेस्टमधल्या मालकांकडून त्यांना भाड्याने घेतलं जाई आणि मजुरी मालकाच्या खिशात जाई. जुलै १८४७ मध्ये यातले सात जण बेटावरच्या बोटी घेऊन रात्री निसटले. मागे पाठलागासाठी धड बोट राहू नये, याची तजवीजही त्यांनी केली होती. तरी पाठलाग झाला आणि ते पकडले गेले.

ही गोष्ट मी वाचली तेव्हा आपला वरचा आराखडा एकदम वेगळा दिसायला लागला. त्यांनाही हेच सगळं ठरवावं लागलं असणार : निघायची वेळ, वारा, अंतर, पाणी किती. फरक एवढाच, की त्यांच्यासाठी बहुतेक सगळा किनारा धोक्याचा होता. फ्लोरिडा गुलामगिरी मानणारं राज्य. दक्षिणेला क्यूबा जवळ होतं, पण तिथे गुलामगिरी १८८६ पर्यंत चालली. बहामा बेटं त्यामानाने खूप लांब, पण ती ब्रिटिशांची होती आणि ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा १८३४ पासून लागू झाला होता. नकाशावर जे जवळ, ते त्यांच्यासाठी जवळ नव्हतं.

आणि इथेच माझी चूक झाली. पहिल्या खर्ड्यात मी सरळ लिहून टाकलं : ‘ते बहामाला निघाले होते.’ मार्गदर्शकांनी त्या वाक्याभोवती पेन्सिलने गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘हे त्यांनी तुम्हाला सांगितलं का?’ नव्हतं सांगितलं. मी नकाशा पाहिला, तर्क केला आणि तो तर्क माहिती म्हणून लिहिला. तर्क करणं चूक नाही, तो तर्क आहे हे वाचकाला न सांगणं चूक आहे. आता ते वाक्य असं आहे : ‘त्या वेळचा कायदा पाहिला तर बहामा हे एक संभाव्य ठिकाण दिसतं.’ वाचायला कमी रंगतदार वाटतं, पण हे वाक्य मी व्हायवामध्ये उभं राहून सांगू शकतो.

याच बेटावरचा दुसरा एक पलायनाचा प्रयत्न बघा. लिंकनच्या हत्येच्या कटात शिक्षा झालेला डॉ. सॅम्युएल मड १८६५ मध्ये इथे कैदी म्हणून आला. त्याच वर्षी त्याने एका जहाजात लपून पळायचा प्रयत्न केला, पण तो सापडला. १८६७ मध्ये पिवळ्या तापाची साथ आली तेव्हा त्याने रुग्णांवर उपचार केले, आणि १८६९ मध्ये त्याला माफी मिळाली. त्याची पत्रं पुढे छापली गेली. म्हणून तो का पळाला, त्याला काय वाटत होतं, हे त्याच्याच शब्दांत वाचता येतं. सात मजुरांची गोष्ट मात्र आपल्यापर्यंत येते ती त्यांना पकडू पाहणाऱ्यांच्या बाजूने. एकाच बेटावरून पळायचे दोन प्रयत्न. एकाकडे लेखणी होती, दुसऱ्यांकडे नव्हती.

मग त्या सात जणांबद्दल आपण काहीच म्हणायचं नाही का? म्हणायचं, पण त्यांच्या शब्दांऐवजी त्यांच्या कृतीवरून. रात्रीची वेळ निवडली, बोटी घेतल्या, पाठलागाची वाट अडवली. हे घाबरून पळत सुटणं नाही, विचार करून केलेला बेत आहे. विरुद्ध बाजूने लिहिलेल्या कागदातही कृती लपत नाही. एवढं ठामपणे म्हणता येतं, आणि एवढंही पुष्कळ आहे.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या विषयातला एक रोजचा, कंटाळवाणा कागद शोधा : नियमावली, वेळापत्रक, परवान्याचा अर्ज, काहीही. त्यातली एक ओळ निवडा. ती कधीपासून, कुणामुळे, आणि तीच अडचण त्याच जागी आणखी कुणासमोर होती, हे लिहा. एका पानात बसवा. तर्क केलेल्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारा. सगळं पान रेघांनी भरलं, तर अजून वाचायला हवं. एकही रेघ नसेल, तर स्वतःचा विचार अजून सुरू व्हायचाय.