लसीकाग्रंथींची साक्ष : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा प्रसार ओळखण्याचा इतिहास

मोठ्या आतड्यातील अर्बुद कापून काढल्यावर रोग समूळ गेला, की त्याचे बीज अन्यत्र रुजले, हा शल्यचिकित्सकांपुढील जुनाच प्रश्न होय. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी इ. स. १९३२ मध्ये त्याला शिस्तबद्ध रूप दिले. गुदाशयाचा कर्करोग आतड्याच्या भिंतीतच असल्यास 'अ', भिंतीपलीकडे गेल्यास 'ब' आणि लसीकाग्रंथींत पोहोचल्यास 'क', अशी त्यांची वर्गवारी होती. तीमुळे ग्रंथींच्या साक्षीला निर्णायक महत्त्व आले.

परंतु ही साक्ष अपुरी होती. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथीचे मोजकेच छेद पाहिले जात. उरलेल्या भागातील तुरळक पेशी निसटत. ग्रंथी निर्दोष ठरूनही काही रुग्णांत रोग उलटे.

कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचलेल्या पीसीआर तंत्राने अत्यल्प जनुकद्रव्याच्या असंख्य प्रती करणे शक्य झाले आणि नव्या खुणांचा शोध सुरू झाला. 'ग्वानिलिल सायक्लेज सी' हे प्रथिन आतड्याच्या अस्तरातील पेशींत असते. अतिसार घडविणाऱ्या जिवाणूंचे एक विष त्यालाच चिकटते. कर्करोग झाल्यावरही या पेशी ही कुळखूण सहसा टाकीत नाहीत. लसीकाग्रंथीत ती आढळली, तर आतड्याची पेशी तेथे आली असावी, असे अनुमान निघते.

फिलाडेल्फियातील स्कॉट वॉल्डमन व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये याची फलश्रुती मांडली. ग्रंथी निर्दोष ठरलेल्या २५७ रुग्णांपैकी २२५ जणांत ही खूण सापडली. त्यांतील ४७ जणांचा रोग उलटला. खूण नसलेल्या ३२ जणांत तो केवळ दोघांचा उलटला. म्हणजे खुणेचा अभाव बराच आश्वासक ठरला. पण खूण असलेल्या १७८ जणांत पाहणीच्या काळात रोग परतला नव्हता. पेशीचे कूळ कळले, तरी तिचा पुढील मार्ग कळत नाही.

म्हणूनच पुढील शोध खुद्द रोगाच्या खुणेकडे वळला. अर्बुदाच्या मरणाऱ्या पेशींतील डीएनएचे तुकडे रक्तात मिसळतात. त्यांत त्या अर्बुदाचेच जनुकीय बदल शोधता येतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत दुसऱ्या अवस्थेतील ४५५ रुग्ण होते. या रक्तपरीक्षेनुसार ठरविल्यास १५ टक्के रुग्णांना केमोथेरपी द्यावी लागली, प्रचलित पद्धतीने २८ टक्क्यांना. तरीही दोन वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९३·५ व ९२·४ टक्के होते.

रोग कोठे पोहोचला हे ड्यूक्स यांनी पाहिले, पेशी कोणत्या कुळाची हे नंतर कळले, आणि अखेरीस कोणाला औषधाचा जाच टाळता येईल हे उमगू लागले. खुणेचे खरे मोल तिच्या सूक्ष्मतेत नसून तिच्यामुळे बदलणाऱ्या निर्णयात आहे.