ऊन-पाऊस झेलणारी बागेतली आगगाडी

इंग्लंड-जर्मनीतील काही घरांच्या बागांमध्ये फुलझाडांच्या वाफ्यांलगत छोटी आगगाडी धावते. तिचे रूळ काही ठिकाणी जमिनीवर नसतात. गुडघ्याएवढ्या किंवा कमरेएवढ्या खांबांवर ते बसवलेले असतात. घरातले खेळणे उघड्यावर आले, की ऊन, पाऊस आणि थंडी त्याची परीक्षा घेतात. या परीक्षेत रूळ टिकवण्याची कला हळूहळू घडत गेली. तिच्या इतिहासात आपल्या पाठ्यपुस्तकातली कितीतरी प्रकरणे भेटतात.

१८९१ साली जर्मनीतील मेर्क्लिन कंपनीने लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांवर धावणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या मांडल्या. त्या काळी असे रूळ कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचे असत. दिवाणखान्यात ते चांगले टिकत. बागेत मात्र लवकर गंजत. असे का? मुलाम्यावर ओरखडा पडला, की ओलाव्यात कथिल आणि लोखंड यांचा विद्युतघट तयार होतो. दोहोंत लोखंड अधिक क्रियाशील, म्हणून तेच झिजते, आणि तेही जास्त वेगाने. मुलामा जस्ताचा असेल तर उलटे घडते. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. आपल्या बादल्यांना व छपराच्या पत्र्यांना जस्त चढवतात ते यासाठीच. उघड्यावरच्या छोट्या रुळांसाठी पुढे न गंजणारे पितळ लोकप्रिय झाले.

पण रूळ उंचावर का न्यायचे? १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले. ते वाचून अनेक हौशी मंडळी घरी खरीखुरी वाफेची इंजिने घडवू लागली. १९२०च्या दशकात ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कर्ली लॉरेन्स यांनी दाखवून दिले, की अवघ्या अडीच इंच अंतराच्या रुळांवरचे कोळशाचे इंजिन मोठ्या माणसालाही ओढू शकते. आता प्रश्न तोलाचा आला. इतक्या अरुंद पायावर बसलेला माणूस जरा कलला तरी गाडी उलटणार! रूळ उंच केले, की माणूस घोड्यावर बसावे तसा डब्यावर बसतो. पाय दोन्ही बाजूंना रुळांच्या खाली जातात, गुरुत्वमध्य खाली येतो आणि तोल सांभाळणे सोपे होते.

उंचीबरोबर खांब आले. लाकडी खांब नेमका जमिनीलगत कुजतो. हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा: वर नाही, खूप खोलही नाही, मग तिथेच का? कुजवणाऱ्या बुरशीला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. वर पाणी टिकत नाही, खोलवर हवा कमी पडते. जमिनीलगत दोन्ही भरपूर मिळतात. विटांचे किंवा काँक्रीटचे खांब उभारले, तर हा त्रास संपतो. पण थंड प्रदेशात मातीतले पाणी गोठते. गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. शिवाय खालचे पाणी वर ओढले जाऊन बर्फाचे थर जाड होतात आणि खांब उचलला जातो. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो.

उरले ऊन. दहा मीटर लांबीचा पितळी रूळ ४० अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे साडेसात मिलिमीटरने वाढतो. त्याखालची काँक्रीटची तुळई तेवढ्याच तापमानवाढीने जेमतेम चार मिलिमीटर वाढते. रूळ तुळईला जागोजागी घट्ट जखडला, तर तो वाकणारच. म्हणून तो एकाच जागी पक्का करतात, इतरत्र सरकू देतात आणि सांध्यांत फट ठेवतात.

१९६८ साली जर्मनीतील लेहमान कंपनीने ‘एलजीबी’ या नावाने बागेत चालतील अशा गाड्या विक्रीला आणल्या. त्यांना पितळी रूळ होते आणि अतिनील किरणांना टिकणाऱ्या प्लॅस्टिकचे स्लीपर होते. रुळांतील अंतर ४५ मिलिमीटर, प्रमाण १ : २२.५. गुणाकार करून पाहा, उत्तर जवळजवळ एक मीटर येते. म्हणजे ही आपल्या परिचयाच्या मीटरगेजचीच प्रतिकृती.

या साऱ्या इतिहासाचे सार असे, की पदार्थाची हालचाल ताकदीने दडपता येत नाही. तिच्यासाठी जागा ठेवावी लागते. महाराष्ट्रात माती सहसा गोठत नाही, पण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शाळेच्या कुंपणाचे खांब कुठे कुजले, कुठे कलले, हे विद्यार्थ्यांना पाहायला सांगावे. त्यांची कारणे शोधताना हीच सारी प्रकरणे त्यांना पुन्हा भेटतील.